एक तपासायला, एक ठेवायला

पनवेलमध्ये निदान दहा घरं अशी होती, जिथल्या बायका त्यांना चहा द्यायला घाबरत. चहा समोर आला की हा माणूस शर्टाच्या खिशातून करंगळीएवढी काचेची बाटली काढी, दोन घोट तिच्यात ओती, बूच लावी, चिठ्ठी चिकटवी आणि मग उरलेला चहा पिई. पिऊन झाल्यावर ‘छान’ असं म्हणेसुद्धा. पण तोवर घरच्या बाईचा जीव त्या बाटलीत जाऊन बसलेला असे.

ते आमचे साहेब. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालचा शिकाऊ केमिस्ट. आमच्या धंद्यात कुठल्याही मालाचे दोन नमुने घेतात. एक लगेच तपासायचा. दुसरा सीलबंद करून, वर सही ठोकून, कपाटात तीन वर्षं ठेवायचा. उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर काढून दाखवायला. तीन वर्षं झाली की तो नष्ट करायचा, नाहीतर ज्याचा त्याला परत द्यायचा. हा नियम सगळ्याच प्रयोगशाळा पाळतात, पण कारखान्याच्या फाटकापर्यंत. साहेब तो फाटकाबाहेरही पाळत.

“एक तपासायला, एक ठेवायला,” ते म्हणत. “अरे, माणसाची जीभ फिरते. बाटली फिरत नाही.”

घरच्या फ्रीजचे वरचे दोन कप्पे बाटल्यांचे होते. दुधाचं पातेलं काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, शेजारणीकडे ठेवत. पुतण्याच्या लग्नात साहेबांनी पंगतीतल्या अकरा पदार्थांचे नमुने घेतले, अगदी मिठाचासुद्धा. नंतर चार दिवस ते फोनपाशी बसून होते. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी “एकूण माणसं धडधाकट आहेत” असं पडलेल्या आवाजात म्हणाले आणि उठले.

त्या फ्रीजमधली सगळ्यात जुनी बाटली मी स्वतः पाहिली आहे. आत काळपट काहीतरी, आणि चिठ्ठीवर साहेबांच्या बारीक अक्षरात: ‘चहा. मुलगी पाहण्याच्या वेळचा. मुलीनेच केला असे मुलीच्या वडिलांचे म्हणणे. खात्री नाही.’

“साहेब, तीन वर्षांचा नियम याला नाही का?” मी विचारलं.

“तक्रारीची मुदत अजून संपलेली नाही,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आणि तो आईनं केला होता. लिहा आता एकदाचं.”

कारखान्यातल्या नमुन्यांचं लोखंडी कपाट म्हणजे साहेबांचं देवघर. त्याची एकुलती एक किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात असे. आंघोळीलाही ती उतरत नाही, असं काकू सांगत. “किल्ली ज्याची, जबाबदारी त्याची,” हे साहेबांचं दुसरं वाक्य. तिसरं वाक्य नव्हतं. दोन वाक्यांवर नोकरी काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतः त्या काळात एकाच वाक्यावर नोकरी करत होतो, आणि ते वाक्य म्हणजे ‘हो साहेब’.

तर कारखान्याच्या मागून एक नाला जातो आणि पुढे खाडीला मिळतो. एका सकाळी खाडीकाठच्या गावातली एक कोळीण फाटकावर आली. टोपलीत हातभर लांब जिताडा मासा, पांढरा पडलेला. रखवालदाराला तिनं असा काही आवाज लावला की आम्ही दुसऱ्या मजल्यावरून खाली धावलो.

“सायेब, ह्यो बगा. आमी नाय मारला. आपूनच उलटा होऊन वर आला. आनि ह्यो एकला नाय, सगली खारी भरलेय. पानी तुमचा हाय का नाय, त्येवरं सांगा.”

असल्या वेळी अधिकाऱ्यानं काय करायचं ते ठरलेलं असतं. ‘चौकशी करू, मावशी’ म्हणायचं आणि वर जाऊन डबा खायचा. साहेबांनी दोन बाटल्या काढल्या, मावशीला घेऊन नाल्यावर गेले, तिच्यादेखत दोन्ही भरल्या आणि दुसरीच्या सीलवर आपल्या सहीशेजारी तिचा अंगठा घेतला.

“आनि ही दुसरी कशाला?” मावशीनं विचारलं.

“ठेवायला.”

“कवापातुर?”

“तुमचं भांडण मिटेपातुर,” साहेब म्हणाले. तिच्याशी बोलताना तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला होता बिचाऱ्यांनी.

पहिल्या बाटलीचा निकाल असा आला, की मासे मेले यात नवल नव्हतं. इतके दिवस जगले कसे, हे नवल होतं. साहेबांनी तो जसाच्या तसा लिहून दिला. फॅक्टरी मॅनेजर म्हणाले, तपासणीत चूक असेल. मावशी गप्प बसणारी नव्हती. तिनं सरकारी दरबारी अर्ज टाकला, आणि असं ठरलं की येत्या सोमवारी अधिकारी येतील आणि कपाटातली दुसरी बाटली त्यांच्यासमोर उघडली जाईल.

गुरुवारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो.

“तुझं पर्मनंटचं पत्र तयार आहे. ड्रॉवरमध्ये. फक्त सही राहिली आहे,” ते म्हणाले. “लग्न ठरतंय म्हणे तुझं?”

ठरत होतं आणि अडलंही होतं. सासरे होऊ घातलेले गृहस्थ दर रविवारी एकच प्रश्न विचारत, “पर्मनंट आहात ना?” आणि मी दर रविवारी श्रीखंडाची वाटी तोंडाला लावत असे.

मॅनेजरचा बेत साधा होता. साहेबांना नोकरीत पंचवीस वर्षं झाली होती. कंपनीतर्फे त्यांचा सत्कार म्हणून शनिवार-रविवार नव्या हॉटेलात मुक्काम. साहेब रविवारीसुद्धा कपाट बघायला कारखान्यात येत, ते दोन दिवस येणार नाहीत. मी सोबतीला. कंपनीची गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभी. किल्ली तासभर गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात पडली की माझं काम संपलं.

“चोरी नाही ही,” मॅनेजर म्हणाले. “किल्ली परत द्यायचीच आहे.”

मला हे पटलं. माझ्यासारख्याला गोष्टी फार लवकर पटतात.

खरं तर काकूंनाही बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यांना न्या. मी दोन दिवसांत फ्रीज धुऊन काढते.”

तेव्हा पनवेलला विमानतळ येणार अशी हवा होती, आणि विमानाआधी हॉटेल येऊन बसलं होतं. हमरस्त्याला लागून काचेची बारा मजली इमारत, दारात दगडी दीपमाळ आणि तिच्यात लुकलुकणारे विजेचे दिवे. ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम’ अशी पितळी पाटी. संगम कसा असतो ते दारातच कळलं. नऊवारीतल्या एका मुलीनं आम्हाला ओवाळलं आणि कानातल्या वायरीत “दोन गेस्ट आले” असं पुटपुटली. दुसरीनं आमच्या ओळखपत्रांची झेरॉक्स काढली. लिफ्टमध्ये सनई. व्यायामशाळेचं नाव ‘तालीम’, सभागृहाचं ‘ओसरी’, बारचं ‘माजघर’. आमच्या घरी माजघरात वडील नुसते मोठ्यानं खोकले तरी आजी रागवायची.

हात धुवायला गेलो तर बेसिन म्हणून जात्याचा खालचा दगड, मधोमध भोक पाडून बसवलेला. साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“वरचा दगड कुठे आहे?” त्यांनी तिथल्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण टाय लावलेल्या गृहस्थाला विचारलं.

“सर, तो माजघरमध्ये आहे. स्टूल केलाय.”

“मग दळता कशावर?”

गृहस्थ हसला. त्याला हसायचं शिकवलेलं होतं, दळायचं नव्हतं.

स्वागताचं कोकम सरबत आलं, उलट्या छत्रीसारख्या ग्लासात. साहेबांनी बाटली काढली. दोन घोट आत, बूच, चिठ्ठी. काउंटरमागची मुलगी पांढरी पडली.

“सर, आपण… कुठल्या डिपार्टमेंटकडून?”

“टेस्टिंग,” साहेब म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

त्या एका शब्दानं जी धावपळ उडाली ती मी जन्मात विसरणार नाही. पाच मिनिटांत आमची खोली बदलून आम्हाला सर्वांत वरचा मजला मिळाला. फळांची करंडी आली, तिच्यामागून खुद्द हॉटेलचे मॅनेजर हात चोळत आले.

“सर, किचन बघणार का?”

“बघू की,” साहेब म्हणाले. पंचवीस वर्षांच्या सेवेत त्यांना कुणी इतक्या आपुलकीनं काही विचारलं नसावं.

किचनमध्ये त्यांनी नऊ नमुने घेतले. जेवणाच्या कार्डावर ‘आजीच्या हातची पुरणपोळी’ होती, ती एक जण पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढत होता, गोठलेली, मधे प्लास्टिकचा कागद.

“आजी कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

मुख्य आचाऱ्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी छताकडे पाहिलं. “सर,” आचारी म्हणाला, “आजी ही कन्सेप्ट आहे.”

साहेबांनी चिठ्ठीवर लिहिलं: ‘पुरणपोळी. आजी आढळली नाही.’

माझे पराक्रमही याच दरम्यान चालू होते. खोलीत, किल्लीऐवजी दिलेलं कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत हे ठाऊक नसल्यामुळे, दुपारी जाड पडदे ओढलेल्या खोलीत मी वीस मिनिटं काळोखात बसलो होतो आणि ‘लाइट गेलीय, जाईल नाहीतर काय, पनवेलच शेवटी’ असं अभिमानानं पुटपुटत होतो. साहेबांनी ते कार्ड हातात घेऊन तोललं.

“याला वजनच नाही. किल्लीला वजन हवं. गळ्यात आहे हे कळत राहायला हवं.”

मी पाणी प्यायलो.

रविवारी सकाळी हॉटेलच्या मॅनेजरनी आपण होऊन माझं काम करून टाकलं. साहेबांसाठी खास भेट, राजेशाही अभ्यंग, पूर्ण दोन तास. साहेब नको नको म्हणत होते. “साहेब, घ्या हो,” मी म्हटलं, “पंचवीस वर्षं पाठ मोडली तुमची.” हे म्हणताना माझ्या आवाजात जी माया होती ती आजतागायत मी बायकोशी बोलतानाही आणू शकलेलो नाही.

त्या जागेचं नाव ‘न्हाणी’. दाराशी साहेब पंचा गुंडाळून उभे राहिले. खिशाशिवाय, बाटलीशिवाय ते मला भलतेच बारीक दिसले. मालीशवाला म्हणाला, “सर, गळ्यातलं काढावं लागेल. तेल गरम आहे, धातू तापतो.”

साहेबांनी दोऱ्यावर हात ठेवला. आता हे परत फिरतात, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर फिरावेत असंही वाटलं. पण त्यांनी मान वाकवून दोरा काढला आणि माझ्या तळहातावर किल्ली ठेवली.

“धर. हातातून सोडू नकोस.”

“हो साहेब,” मी म्हटलं. इतक्या स्वच्छ उच्चारात मी ते कधीच म्हटलं नव्हतं.

पार्किंगमध्ये ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. त्याच बोटांनी त्यानं दोरा घेतला, गरकन फिरवला आणि “आलोच पाऊण तासात” म्हणून गाडी काढली. पाऊण तास झाला, सव्वा तास झाला. मला भीती वाटली की भूक लागते. खोलीत टेबलावर वाटीत सुकामेवा होता, त्याची एक मूठ मी तोंडात कोंबली. ती वास येण्यासाठी ठेवलेली वाळकी फुलं आणि लाकडाचे ढलपे निघाले. ते गिळावे की थुंकावे या विचारात असताना फोन वाजला. ड्रायव्हर खाली आला होता. किल्ली घेऊन वर आलो आणि दोन मिनिटांनी साहेब आले, समईसारखे तेलात निथळलेले.

“आण ती,” म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. गळ्यात घालता घालता त्यांचा हात थांबला. त्यांनी दोरा नाकाशी नेला, क्षणभरच. तीस-चाळीस रसायनं नुसत्या वासावर ओळखणारं नाक होतं ते. तंबाखू मी खात नाही, हे त्यांना माहीत होतं.

“कुठे ठेवली होतीस?”

“हातातच होती, साहेब.”

ते खुर्चीत बसले. खिडकीतून तळोज्याच्या बाजूच्या चिमण्या दिसत होत्या. त्या दिवशी त्यांतून धूर येत नव्हता.

“चहा कर,” ते म्हणाले.

खोलीत विजेची किटली होती, साखरेच्या पुड्या होत्या. मी मन लावून चहा केला. साहेबांनी नेहमीप्रमाणे बाटली काढली, दोन घोट ओतले, माझ्याकडे पाठ करून चिठ्ठी लिहिली.

“साहेब, हॉटेलवाले पुन्हा घाबरतील हं,” मी हसून म्हटलं.

“हॉटेलवाल्यांनी कशाला घाबरायचं?” ते म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊन टाकला. ‘छान’ म्हणाले नाहीत.

सोमवारी अधिकारी आले. मावशी आणखी दोघींना घेऊन जिन्यात बसली होती. साहेबांनी कपाट उघडलं, बाटली काढली आणि उजेडात धरली. वर सील, सही, पुसटसा अंगठा, सगळं जागच्या जागी.

“ही माझी बाटली नाही,” ते म्हणाले.

“सही तुमचीच आहे,” मॅनेजर म्हणाले.

“माझ्यासारखी आहे.”

बाटली तपासली. आतलं पाणी इतकं निर्मळ, की त्या हॉटेलनं ते तांब्याच्या लोट्यातून पाजलं असतं. नाल्याचं ताजं पाणी घेतलं, तेही स्वच्छ. दोन दिवस कारखान्यानं नाल्यात काही सोडलंच नव्हतं. मोठ्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

“या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“शनिवार-रविवारी?”

मी साहेबांच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो. भिंत थंड होती एवढं आठवतं. त्यांनी वळून पाहिलं असतं तरी चाललं असतं. मी बहुधा सगळं ओकलो असतो, त्या वाळक्या फुलांसकट.

“माझ्याकडे,” साहेब म्हणाले.

“तुम्ही कोणाला दिली होती का?”

“किल्ली ज्याची, जबाबदारी त्याची.”

नमुना सांभाळण्यात हलगर्जी, सबब पहिला निकालही ग्राह्य नाही, असा शेरा पडला. मावशीला जिन्यातच तो वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला. दोन महिन्यांत साहेबांनी ‘स्वेच्छेनं’ निवृत्ती घेतली. त्यांची स्वेच्छा मॅनेजरनी टाइप करून ठेवली होती. माझं पत्र मात्र बुधवारीच आलं. सासऱ्यांनी ते तीनदा वाचलं आणि पुढच्या रविवारी श्रीखंडाची दुसरी वाटी दिली.

साहेबांच्या जागी बाहेरून एक जण आला, टिकला नाही. दुसरा आला, तोही गेला. मग वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायानं प्रयोगशाळा माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर कपाट आणि किल्लीही. मी ती टेबलाच्या खणात ठेवत असे. ज्याला हवी त्यानं घ्यावी, जबाबदारी खणाची.

त्याच आठवड्यात फाटकावर ओळखीचा आवाज आला. मावशीच. टोपलीत या वेळी बोटभर बोटभर मासे, तसेच पांढरे.

“त्यो सायेब कुटं हाय? बाटलीवाला?”

“ते रिटायर झाले, मावशी.”

तिनं मला नीट निरखलं. “मंग आता पानी कोन ठेवतं?”

मी ‘चौकशी करू’ म्हटलं आणि वर जाऊन डबा उघडला. खरंच उघडला. पण घास जाईना, म्हणून संध्याकाळी बढतीचे पेढे घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेब वाळले होते, खिसा तसाच होता. पेढ्याचा एक तुकडा बाटलीत गेला, मग दुसरा तोंडात.

“बरं झालं आलास,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली. तुझी एक वस्तू आहे माझ्याकडे. नियमाप्रमाणे नष्ट करायची किंवा परत द्यायची.”

त्यांनी फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून, बरोबर मुलगी पाहण्याच्या चहाशेजारून, एक बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘चहा. हॉटेलातला. किल्ली परत आल्यानंतर केलेला. साखर जास्त.’ खाली ‘नमुना घेणार’ यापुढे साहेबांची सही. त्याखाली ‘साक्षीदार’, आणि पुढची जागा रिकामी.

त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली. हात थरथरला असं लिहायला हवं, पण नाही थरथरला. पर्मनंट माणसाचा हात होता.

“तारीख घाल.”

“कुठली, साहेब? तेव्हाची का आजची?”

“कबूल केलंस त्या दिवसाची.”

मी आजची घातली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि फ्रीजमधल्या रिकाम्या झालेल्या जागेकडे बघून म्हणाल्या, “चला, एक तरी कमी झाली.”

निघताना साहेबांनी एवढंच विचारलं, “किल्ली कुठे ठेवतोस?”

“खणात.”

त्यांनी दार लावून घेतलं.

येताना बाजारात एका दुकानाशी थांबलो आणि हातभर काळा दोरा मागितला.

“बाळासाठी का?” दुकानदारानं विचारलं.

“नाही, मला.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोरा तोडता तोडता म्हणाला, “तुम्हाला हो कोण दृष्ट लावणार?”